पळवाटा मोजणारं यंत्र

पिंपळगाव बसवंतला ऑगस्टात टोमॅटोची आवक वाढली की गावात एका वस्तूला तोटा राहत नाही. वीस किलोचं प्लास्टिकचं क्रेट. टेम्पोत, ओट्यावर, चहाच्या टपरीमागं, जिथं पाहावं तिथं रिकामी क्रेटं रचलेली असतात. एक उलटं घातलं की पाट झाला, दोन एकावर एक ठेवली की टेबल. रविवारी दुपारी आमचा बुद्धिबळाचा पट असल्याच टेबलावर मांडलेला असतो. जाळीदार बुडावर पट नीट टेकत नाही, मधूनच एखादं प्यादं कलंडतं, पण चालतं.

नाशिक इथून तीसेक किलोमीटर. तिथला विदित गुजराथी २०१३ साली ग्रँडमास्टर झाला. २०२३ मध्ये त्यानं ग्रँड स्विस स्पर्धा जिंकली आणि २०२४च्या कँडिडेट्समध्ये टोरांटोला हिकारू नाकामुराला दोन्ही डावांत हरवलं. ‘आपल्या नाशिकचा’ एवढं म्हणता आलं की पोरांना पुरतं. आमच्या क्रेटाभोवती जमणारी पोरं विदितचे डाव फोनवर बघतात, आणि फोनवरचाच एक प्रश्न घेऊन आठवीतला एक मुलगा त्या दिवशी आला. त्यानं पटावर मांडणी केली. घरी पट असेल तर तुम्हीही मांडून घ्या, कारण हे प्रकरण बरंचसं या अकरा मोहऱ्यांभोवतीच फिरणार आहे.

पांढरा राजा जी१ वर, वजीर सी४ वर, घोडा जी५ वर. प्यादी एफ२, जी२ आणि एच२. काळा राजा एच८ च्या कोपऱ्यात, वजीर बी२ वर, हत्ती डी८ वर. प्यादी जी७ आणि एच७. खेळी पांढऱ्याची. काळ्याकडे घोड्याच्या बदल्यात अख्खा हत्ती आहे. सावकाश खेळायला बसलं तर पांढऱ्याचं काही खरं नाही.

मुलानं घाईघाईनं वजीर उचलून जी८ वर ठेवला. “शह! हत्तीनं मारला की घोडा एफ७ वर, मात!” समोर बसलेल्या तात्यांनी हत्तीला हातही लावला नाही. राजानं वजीर मारला, तो पटाबाहेर ठेवला आणि चहाचा घोट घेतला. घोडा जी५ वर असताना जी८ ला कुणाचाच जोर नव्हता. हत्तीनं मारलं असतं तर मात होती हे खरं, पण तात्यांवर हत्तीनंच मारण्याची सक्ती कुणी केली होती?

मग मुलानं फोनला विचारलं. बोट उचलायच्या आत उत्तर आलं, चार खेळ्यांत मात.

“सर, याला एवढ्या पटकन कसं कळतं?”

“त्याला सगळं पाठ असतं,” तात्या म्हणाले. बाकीच्यांचं मत पडलं की फोन सगळ्या खेळ्या तपासतो, आपल्याला वेळ नसतो एवढंच. दोन्ही उत्तरं चुकीची आहेत आणि दुसरं उत्तर का चुकीचं आहे हे बघण्यात जास्त मजा आहे.

एका बाजूनं एक मोहरा हलवला की ती एक चाल धरू. चार खेळ्यांत मात म्हणजे पांढऱ्याच्या चार चाली आणि त्यांच्यामधल्या काळ्याच्या तीन, मिळून सात. मध्यडावात एका बाजूला सरासरी ३०-३५ चाली उपलब्ध असतात. पस्तीस धरून सात वेळा गुणाकार केला तर आकडा जातो ६४ अब्जांवर. फोन सेकंदाला दहा लाख स्थिती तपासतो असं धरा. सगळं संपवायला त्याला सुमारे अठरा तास लागतील. आज दुपारी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर उद्या सकाळी. क्लॉड शॅनननं १९५० साली, संगणकाला बुद्धिबळ कसं शिकवावं याबद्दलच्या आपल्या प्रसिद्ध लेखात, हाच हिशेब अख्ख्या डावासाठी केला होता आणि १ वर १२० शून्यं इतक्या संख्येपर्यंत पोचला होता. सगळं तपासणं हा रस्ताच नव्हे, हे तेव्हाच स्पष्ट झालं होतं.

तरीही पहिला माणूस त्याच रस्त्यानं गेला. मँचेस्टरला फेरांटी कंपनीत काम करणाऱ्या डीट्रिख प्रिन्झनं नोव्हेंबर १९५१ मध्ये फेरांटी मार्क १ या संगणकावर दोन खेळ्यांतली मात शोधणारा प्रोग्रॅम चालवून दाखवला. अख्खा डाव खेळणं त्या यंत्राच्या आवाक्याबाहेर होतं, म्हणून प्रिन्झनं मुद्दाम मातीचा प्रश्न निवडला: उत्तर असतं किंवा नसतं, ‘स्थिती थोडी बरी आहे’ वगैरे भानगड नाही. किल्लेकोट गाळला, प्याद्याची बढती गाळली, प्याद्याची पहिली दोन घरांची उडीसुद्धा गाळली, आणि तरीही दोन खेळ्यांच्या मातीला साधारण पाव तास लागला. त्या यंत्रानं प्रत्येक चाल इमानदारीनं करून पाहिली. आपल्या मुलाचा फोन वेगवान आहे हे खरंच, पण त्याची खरी कमाई वेगात नाही, बेइमानीत आहे. कुठं बघायचंच नाही, हे त्याला कळतं.

आमच्याकडं वासरू सुटून बोळात शिरलं की कसं धरतात, आठवा. अनुभवी माणूस त्याच्यामागं धावत नाही. तो आधी बोळाला वाटा किती ते बघतो. एका टोकाला वाडा, दुसऱ्या टोकाला पोरगं उभं केलं, मधल्या फाटकाची कडी घातली की वासरू धरल्यातच जमा आहे. उलट मोकळ्या रानात दहा माणसं धावली तरी ते हाती लागत नाही. मात शोधण्याचं गणित नेमकं हेच आहे, आणि त्यात एक विषमता आहे. मारणाऱ्याला प्रत्येक वळणावर एक चांगली चाल सापडली तरी पुरते. पळणाऱ्याची मात्र प्रत्येक वाट बंद झालेली दाखवावी लागते. एक वाट उघडी राहिली की सगळं मुसळ केरात. वजीर जी८ वर टाकून मुलाचं तेच झालं. हत्तीची वाट त्यानं बंद केली होती, राजाची राहिली.

आता खरं उत्तर बघू. घोडा एफ७ वर, शह. काळ्या राजाला जी८ शिवाय घर नाही, घोड्याला मारायला कुणी नाही. राजा जी८. आता घोडा एच६ वर, आणि हा दुहेरी शह आहे: घोडा बाजूला झाल्यानं सी४ च्या वजिराचाही शह लागला. दुहेरी शहात मोहरा मारून किंवा मध्ये आणून भागत नाही, राजालाच हलावं लागतं. त्याला दोन घरं आहेत. एफ८ वर गेला तर वजीर एफ७ वर, मात. वजिराला एच६ च्या घोड्याचा जोर आहे. एच८ च्या कोपऱ्यात परतला तर आता वजीर जी८ वर! तोच वजीर, तेच घर, पण या वेळी घोडा एच६ वर असल्यानं राजाला तो मारता येत नाही. हत्तीलाच मारावं लागतं. आणि मग घोडा परत एफ७ वर: शह आणि मात. राजाच्या तिन्ही बाजूंना त्याचीच माणसं, हत्ती आणि दोन प्यादी, त्याचा श्वास कोंडून उभी.

या पुराव्यात चाली किती झाल्या, मोजा. घोडा एफ७, राजा जी८, घोडा एच६, राजाच्या दोन वाटा, पहिलीवर वजिराची मात, दुसरीवर वजीर जी८, हत्ती मारतो, घोड्याची मात. एकूण नऊ. चौसष्ट अब्जांच्या जंगलात नऊ चालींचं एक रोपटं. ते एकदा समोर ठेवलं की आठवीतलं पोरगंही मिनिटभरात तपासून ‘बरोबर’ म्हणतं. कष्ट आहेत ते या रोपट्यापाशी पोचण्याचे, आणि मात शोधणारा प्रत्येक प्रोग्रॅम हा तिथं लवकर पोचण्याच्या युक्त्यांचा गठ्ठा असतो.

पहिली युक्ती तात्यांनासुद्धा येते. आधी शह देऊन बघ, मग बाकीचं. आपल्या स्थितीत पांढऱ्याला शह फक्त दोन आहेत, वजीर जी८ आणि घोडा एफ७. शहाला उत्तरंही मोजकीच असतात: राजा हलवा, शह देणाऱ्याला मारा, नाहीतर मध्ये कुणीतरी आणा. म्हणजे पांढऱ्याच्या पस्तीस चालींऐवजी दोन-चार, आणि काळ्याच्या पस्तीसऐवजी एक-दोन-तीन. सात चाली खोल जाऊनही स्थिती फार तर काही शे होतात. फोनला ते डोळ्याची पापणी लवायच्या आत जमतं.

ही युक्ती संगणकाच्या हजारएक वर्षं आधीची आहे. अरबी-फारसी जगातले बुद्धिबळपटू जे प्रश्न रचत, त्यांत बहुतेकदा पांढरा स्वतःच मरणाच्या दारात उभा असे. एक चाल शहाशिवाय गेली की त्यालाच मात. साहजिकच उत्तर शहामागून शह असंच असे. पैजेत बायको लावणाऱ्या सरदाराची आणि त्याला पडद्याआडून उपाय सुचवणाऱ्या दिलारामची गोष्ट अशाच एका प्रश्नाला चिकटून आलेली आहे. आपल्याकडंही मात ही नुसती मात नसे. प्याद्यानं दिलेली मात, म्हणजे प्यादमात, सगळ्यांत मानाची. आणि प्रतिपक्षाचा राजा एकटाच उरला तर बुर्जी, म्हणजे पुरता विजय नव्हेच. जुन्या माणसांना समोरच्याचं सगळं सैन्य कापण्यात म्हणूनच रस नसे, काही शिल्लक ठेवूनच राजा कोंडावा लागे. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर १८१४ साली मुंबईत छापलं गेलं, त्यातला बहुतांश भाग अशा मांडलेल्या स्थितींचाच आहे. या लोकांनी कागदावर केलं ते आजचे प्रोग्रॅम विजेवर करतात, असं म्हणायचा मोह होतो. अर्धंच खरं आहे ते. उरलेलं अर्धं त्यांच्या हातातलं नव्हतं.

त्यातला पहिला भाग म्हणजे छाटणी. वजीर जी८ ही चाल प्रोग्रॅम तपासतोय असं समजा. काळ्याची दोन उत्तरं आहेत. प्रोग्रॅमनं आधी ‘राजानं मारलं’ हे उत्तर पाहिलं, तर मात बुडाली हे लगेच कळतं. ‘हत्तीनं मारलं’ तर काय, हे बघायची गरजच उरत नाही. आधी हत्तीचं उत्तर पाहिलं तर मात सापडते, थोडा आनंद होतो, आणि मग राजाचं उत्तर तो आनंद हिरावून घेतं. निकाल दोन्हीकडं तोच, पण पहिल्या क्रमात काम कमी. या छाटणीला अल्फा-बीटा म्हणतात. डोनाल्ड क्नूथ आणि रोनाल्ड मूर यांनी १९७५ साली तिचं चोख गणित मांडलं. क्रम अगदी उत्तम लागला तर आपल्या ६४ अब्जांचे उरतात पंधरा लाखांच्या आसपास. अठरा तासांचं काम दीड सेकंदावर. आणि उत्तराला धक्का लागत नाही, ही यातली गंमत. जे गाळलं ते गाळलं नसतं तरी निकाल तोच आला असता.

मग सगळा खेळ क्रमाचा होतो. शह आधी, मोहरा मारणाऱ्या चाली नंतर, बाकीच्या शेवटी. एका फांदीवर ज्या उत्तरानं मात मोडली, तेच उत्तर शेजारच्या फांदीवर सगळ्यांत आधी करून बघायचं. हा साधा अनुभव आहे. एका दलालानं एका गाडीतला कांदा ओला म्हणून बाजूला काढला की त्याच शेतातल्या दुसऱ्या गाडीत तो पहिल्यांदा ओलच बघतो.

दुसरा भाग स्मरणाचा. वेगवेगळ्या क्रमानं खेळून एकच स्थिती पुन्हा पुन्हा समोर येते. प्रत्येक वेळी नव्यानं तपासायची? नाही. पण ‘ही स्थिती आधी पाहिली आहे’ हे ओळखायला चौसष्ट घरं ताडून बघत बसलं तर वाचलेला वेळ त्यातच जायचा. आल्बर्ट झोब्रिस्टनं १९७० साली त्यावर एक सुरेख तोड काढली. बारा प्रकारचे मोहरे, चौसष्ट घरं. प्रत्येक जोडीला एक लांबलचक, कसाही निवडलेला आकडा देऊन टाकायचा. असे ७६८ आकडे. पटावर जे मोहरे जिथं आहेत त्यांचे आकडे एका खास पद्धतीनं एकत्र केले की त्या स्थितीचा एक क्रमांक तयार होतो. मोहरा हलला की जुन्या घराचा आकडा काढायचा, नव्याचा घालायचा. बाकी हिशेबाला हात लावायचा नाही. बाजार समितीत काटापट्टीवरच्या नंबरावरून गाडी ओळखतात, गोणी उतरवून कांदे मोजत नाहीत, तसंच हे. क्रमांक वहीत सापडला की तिथला निकाल उचलायचा आणि पुढं जायचं.

शोध खोलवर एकदम जात नाही, हेही सांगायला हवं. प्रोग्रॅम आधी एका खेळीत मात आहे का बघतो, मग दोन, मग तीन. वरवर हा दुप्पट-तिप्पट खर्च वाटतो. पण प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठी असल्यानं आधीच्या सगळ्या पायऱ्या मिळून किरकोळच ठरतात, आणि त्यांतून वहीत साठलेली माहिती पुढचा क्रम लावायला उपयोगी पडते. शिवाय सगळ्यांत शेवटच्या चालीला तर निखळ फायदा आहे. मात म्हणजे शह असतोच. तेव्हा शेवटच्या चालीत जी चाल शह देत नाही ती बघायचीच नाही. झाडाची जवळजवळ सगळी पानं त्या शेवटच्या चालीतच असतात, त्यामुळं एवढ्याशा नियमानं बहुतेक पानं झडून जातात. संगणकाचा एक शब्द चौसष्ट बिटांचा आणि पटाची घरंही चौसष्ट. राजाभोवतीची घरं एका संख्येत, पांढऱ्याच्या माऱ्यातली घरं दुसऱ्या संख्येत. दोन्ही एकमेकांवर ठेवली की किती पळवाटा उरल्या ते एका झटक्यात कळतं.

म्हणून एका खेळीची मात यंत्राच्या नजरेतून सुटत नाही. माणसाच्या सुटते. २७ नोव्हेंबर २००६ ला बॉनमध्ये डीप फ्रिट्झविरुद्धच्या दुसऱ्या डावात व्लादिमिर क्रामनिकनं शांतपणे वजीर ई३ वर नेला आणि प्रोग्रॅमनं वजीर एच७ वर ठेवून त्याला मात दिली. क्रामनिक तेव्हा जगज्जेता होता. आमच्या क्रेटावर ही गोष्ट वरचेवर सांगितली जाते, आणि कुणीतरी मोठी चूक केली की सांगणाऱ्याचा आवाज जरा मोठा होतो.

इथपर्यंतच्या युक्त्या कुठल्याही बुद्धिबळ प्रोग्रॅममध्ये असतात. पण निव्वळ मात शोधायची असेल तर एक वेगळाच विचार आहे, आणि मला स्वतःला तो सगळ्यांत देखणा वाटतो. डच संशोधक व्हिक्टर अ‍ॅलिसनं १९९४ मध्ये तो आपल्या प्रबंधात नीट मांडला. त्यात स्थितीला गुण द्यायचेच नाहीत. फक्त विचारायचं: इथं मात सिद्ध करायला अजून कमीत कमी किती टोकं बांधावी लागतील? मारणाऱ्याची पाळी असेल तर त्याच्या पर्यायांतला सगळ्यांत लहान आकडा घ्यायचा, कारण त्याला एक पुरतो. पळणाऱ्याची पाळी असेल तर सगळ्या पर्यायांची बेरीज करायची, कारण सगळे बंद करायचे आहेत. आणि दर वेळी झाडाच्या त्या टोकाकडं जायचं जिथं आकडा सगळ्यांत लहान आहे.

आपल्या स्थितीवर हे लावून बघा. वजीर जी८ ला काळ्याची उत्तरं दोन, म्हणजे आकडा २. घोडा एफ७ ला उत्तर एक, आकडा १. प्रोग्रॅम घोड्याच्या मागं जातो. वजीर बळी देण्याचा मोह त्याला होतच नाही. ज्या वाटेवर दारं कमी ती आधी. राजा जी८ वर गेल्यावर घोडा सहा ठिकाणी जाऊ शकतो आणि सहाही ठिकाणांहून वजिराचा शह उघडा पडतो. यांतल्या तीन शहांना काळ्याची दोन-दोन उत्तरं आहेत: घोडा एच६, घोडा डी६ आणि डी८ चा हत्ती मारणं. उरलेल्या तिघांना तीन-तीन, कारण तिथं हत्ती डी५ वर येऊन मध्ये उभा राहू शकतो किंवा एच८ वर गेलेला घोडा राजाच मारू शकतो. प्रोग्रॅम आधी दोनवाल्यांकडं वळतो. हत्ती मारण्याचा शह माणसाला सगळ्यांत आधी दिसतो, फुकटचा हत्ती कोण सोडील? आणि त्यात राजा एफ८ वर गेला तर मातही आहे. पण राजा कोपऱ्यात गेला की तिथं आकडा फुगतो, प्रोग्रॅम ते पान मिटून घोडा एच६ कडं येतो. बोळात शिरलेल्या वासराचं जे, तेच इथं.

या पद्धतीची खरी कसोटी बुद्धिबळात नाही, जपानी शोगीत लागली. तिथल्या मातीच्या कोड्यांत, त्यांना त्सुमे-शोगी म्हणतात, मारणाऱ्याची प्रत्येक चाल शहच असावी असा नियम आहे. त्यातलं ‘मायक्रोकॉस्मॉस’ हे कोडं १५२५ चालींचं. सगळ्या चाली तपासणाऱ्या यंत्राला तिथं जन्म पुरणार नाहीत. पण मासाहिरो सेओ यांच्या प्रोग्रॅमनं १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात याच दारं मोजण्याच्या पद्धतीच्या एका रूपानं ते सोडवलं. वाटा अरुंद असतील तर खोली कितीही असली तरी या पद्धतीला भीती वाटत नाही.

वाटा रुंद झाल्या की मात्र तिची पंचाईत होते. बुद्धिबळाचे प्रश्न रचणारे लोक मोठे खोडकर. त्यांची पहिली चाल शह तर नसतेच, कुठला मोहराही मारत नाही. कोपऱ्यातला उंट एक घर सरकतो आणि पट आपल्याकडं बघत बसतो. मग काळ्यासमोर वीस-पंचवीस चाली मोकळ्या असतात आणि त्यांतल्या प्रत्येकीवर मात दाखवावी लागते. कधी तर काळ्याला काही करायचंच नसतं, पण खेळावं लागतं आणि खेळलं की कोसळतो. डाव खेळणारे प्रोग्रॅम एक जुगार करतात: आपली पाळी सोडून दिली तरी स्थिती चांगलीच राहते का हे बघायचं, आणि राहत असेल तर ती फांदी पुरेशी तपासली असं मानायचं. एरवी हा जुगार लागतो. खेळावं लागणं हीच जिथं अडचण आहे तिथं तो साफ फसतो. म्हणून प्रश्न तपासायला पोपाय किंवा हाइनर मार्क्सेनचा चेस्ट यांसारखे वेगळे प्रोग्रॅम आहेत, ते असले जुगार खेळत नाहीत. रचनाकाराला तर आणखी एक गोष्ट सिद्ध करून हवी असते: आपल्या चालीशिवाय दुसऱ्या कुठल्याही चालीनं मात नाही. मात आहे हे दाखवायला नऊ चाली पुरल्या. नाही हे दाखवायला सगळी पानं उलटावी लागतात.

याखेरीज तात्यांच्या ‘पाठ असतं’ या म्हणण्यातही एक कोपरा खरा आहे. पटावर मोहरे फार थोडे उरले की यंत्र शोध घेतच नाही. मात झालेल्या सगळ्या स्थिती आधी मांडायच्या आणि तिथून एकेक चाल मागं येत जायचं, असं करून केन थॉम्पसनसारख्यांनी शेवटच्या डावांचे कोष बांधले. राजा आणि हत्ती विरुद्ध एकटा राजा: जास्तीत जास्त १६ खेळ्यांत मात. राजा आणि वजीर: १०. मॉस्को विद्यापीठाच्या लोमोनोसोव्ह या महासंगणकावर २०१२ मध्ये सात मोहऱ्यांपर्यंतचा कोष पुरा झाला, त्यातली सगळ्यांत लांबलेली मात ५४९ खेळ्यांची आहे. माणसाला त्यातली एकही खेळी का केली ते सांगता येत नाही. स्पेनच्या लिओनार्दो तोरेस केवेदोनं १९१२ साली बांधलेलं यंत्र याच्या अगदी उलट. राजा-हत्तीची मात ते तारा, चुंबक आणि मोजक्या नियमांवर देई. सगळ्यांत जवळचा रस्ता त्याला माहीत नसे, तरी ते पोचायचं.

हे सगळं एका दुपारी सांगून झालं नाही, दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी मुलगा नवा प्रश्न घेऊन आला. पहिली चाल शह नसलेला. फोनवर आधी ‘सातात मात’ आलं. आम्ही बघत असतानाच ते ‘पाचात’ झालं.

“म्हणजे आधी चुकला होता ना हा?” तात्यांना भलताच आनंद झाला.

चुकला नव्हता. सातात मात होतीच, तिच्या सगळ्या वाटा त्यानं बंद करून दाखवल्या होत्या. पाचाची त्याला अजून सापडली नव्हती, कारण तिची पहिली चाल निरुपद्रवी दिसत असल्यानं त्यानं ती रांगेत मागं ठेवून तेवढी खोल पाहिलीच नव्हती. आता चारात आहे का, हे तो शोधत होता. फोन गरम झाला होता. तेवढ्यात टेम्पोवाला आला आणि म्हणाला, दोन क्रेटं कमी पडतायत. मोहरे पिशवीत गेले, पट गुंडाळला, क्रेटं टेम्पोत चढली. मुलगा फोन हातात धरून तिथंच उभा, आकडा अजून पाचावरच होता.